शालिकभाऊंच्या घरातली दोन मशिनं

मी जागा झालो तेव्हा खाटेभोवती माणसं उभी होती. सगळी वरून माझ्याकडे बघत होती. आजाऱ्याला भेटायला आल्यावर लोक उभे राहतात, तसे उभे होते. माझ्या नाकाला मास्क, मास्कला नळी, नळीच्या टोकाला मशीन, आणि ते मशीन मंद सू-सू करत चाललेलं.

पहिला विचार आला की आपल्याला काहीतरी झालं. दुसरा आला की आपण इथे डेमो द्यायला आलो होतो. दुसरा जास्त भयंकर होता.

"उठले का साहेब?" शालिकभाऊंनी विचारलं. "आमाले वाटलं, हे झोपणं पण डेमोतच आहे."

मी मास्क काढला. घाईत पट्टा कानात अडकला, तो शालिकभाऊंनीच सोडवला. "मशीन किती आरामदायी आहे, ते दाखवत होतो," असं मी म्हणालो. त्यावर त्यांची म्हातारी आई, जिला सगळं गाव माय म्हणतं, ती म्हणाली, "दिसलं. चहा दोनदा गरम केला."

माझ्या कार्डावर 'ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं आहे. म्हणजे बॅग घेऊन घरोघर जाणारा माणूस. इंदूरच्या एका कंपनीची श्वासाची मशिनं मी बुऱ्हाणपूर आणि आसपासच्या गावांत लोकांना समजावून देतो, लावून देतो आणि पुढे ती नीट चालतात का ते बघतो. त्यातलंच एक सीपॅप. काही माणसांचा घसा झोपेत इतका सैल पडतो की हवेची वाटच बंद होते. श्वास थांबतो. मेंदू घाबरून माणसाला हलवतो, माणूस घुर्रकन श्वास घेतो, पुन्हा झोपतो, पुन्हा तेच. असं रात्रभर चालतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. तो म्हणतो, मला मस्त झोप लागते. मग दिवसभर डुलक्या घेत फिरतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. सीपॅप नाकावाटे हवेचा हलका दाब देत राहतं, त्यामुळे ती वाट उघडी राहते. मशीन काही बरं करत नाही, फक्त रात्र निभावून नेतं.

मी स्वतः घोरतो, असा माझ्या बायकोचा दावा आहे. टेस्ट केल्याशिवाय निदान करू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. म्हणून मी टेस्ट केलेली नाही.

त्या दुपारी झोप लागली त्याला कारण वरण-बट्टी. शाहपूरच्या रस्त्यावरच्या शालिकभाऊंच्या गावात पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय कामाचं बोलू देत नाहीत, आणि तुपाची वाटी संपली म्हटलं तर दुसरी येते. जेवण झाल्यावर मी खाटेवर आडवा झालो, मास्क लावला, "बघा, आवाज तरी येतो का?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलो नाही.

पण विक्री झाली ती त्यामुळेच. शालिकभाऊ म्हणाले, "साहेब, गाडीच्या डेमोत डायव्हर झोपला असता तर आपण गाडी घेतली नसती. पण झोपेची मशीन इकणारा झोपला म्हणजे माल खरा आहे."

शालिकभाऊंचा ट्रक होता. केळी भरायची आणि दिल्लीकडे निघायचं, हे काम ते तरुणपणापासून करत आले होते. गेल्या हंगामात असीरगडच्या घाटाआधी त्यांचा डोळा लागला. ट्रक रस्ता सोडून कपाशीत शिरला. माणूस वाचला, गाडी वाचली, कपाशी गेली. बुऱ्हाणपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी झोपेची टेस्ट केली आणि स्पष्ट सांगितलं, "मशीन लावून झोप नीट होते असा रिपोर्ट माझ्या टेबलावर येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही." तेव्हापासून ट्रक दारातल्या निंबाखाली उभा होता. बोनेटवर कोंबड्या बसायला लागल्या होत्या. शालिकभाऊ चहा पिताना तिकडे पाठ करून बसायचे.

चहा त्यांच्या बायकोने आणला. कुसुमवहिनी. अंगाने भरलेल्या, कपाळावर मरून टिकली, नाकात चमकी, उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली. मी विचारलं, "काय झालं वहिनी?"

"तव्याचा चटका."

"डुलकी लागली तिले," शालिकभाऊ हसत म्हणाले. "भाकरी टाकता टाकता झोपते. आमच्याकडे ट्रक उभा आहे, पण इची गाडी न्यूट्रलमध्ये चालूनच राहते."

सगळे हसले. मीही हसलो. चिंधी बघून, डुलकी ऐकून, माझ्यासारखा स्पेशालिस्ट हसला. हे इथे सांगून ठेवतो, पुढे लागेल.

मी सीपॅपची दोन मशिनं नेली होती. एक फिक्स, एक ऑटो. शालिकभाऊंना ती गाडीच्या भाषेत सांगितली. फिक्स मशीन म्हणजे एकाच गिअरवर चालणारी गाडी. डॉक्टरांनी जो दाब ठरवून दिला, तोच रात्रभर. ऑटो म्हणजे चढ आला की स्वतःच गिअर बदलणारी. घसा जास्त सैल पडला तर दाब वाढवते, मोकळा असेल तर कमी करते.

"ॲव्हरेज कोणाचं चांगलं?"

"वीज दोघांनाही थोडीच लागते."

"लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टरवर चालतात."

शालिकभाऊंनी दोन्ही मशिनं दोन हातांत घेतली. केळीचा घड तोलावा तशी तोलली. डोळे बारीक करून म्हणाले, "ही भारी आहे. हीच चांगली."

ते फिक्स होतं. हवा कोरडी पडू नये म्हणून या मशिनांना पाण्याची एक टाकी असते. मी ऑटोची टाकी रिकामी ठेवली होती, फिक्सची भरली होती. मी पाणी तांब्यात ओतून दाखवलं. भारी मशीन हलकं झालं. शालिकभाऊंनी पुन्हा तोललं आणि मशिनाकडे असं बघितलं, की जणू त्याने त्यांना फसवलं.

मग मास्क. शालिकभाऊंना मिशी होती. मिशी म्हणण्यापेक्षा मिशा. नाक झाकणारा मास्क वरच्या ओठावर टेकतो आणि तिथे केस असले की हवा गळते. आम्ही त्याला लीक म्हणतो. मी चाचरत म्हणालो, "भाऊ, मिशी जराशी..."

"ट्रक इकून टाकतो साहेब."

विषय संपला. मी त्यांना दुसऱ्या प्रकारचा मास्क दिला. त्यात दोन मऊ बोंडं असतात, ती नाकपुड्यांना टेकतात आणि मिशीला धक्का लागत नाही. ऑटोच्या खोक्यातून आलेला नाक झाकणारा मास्क तिथेच राहू दिला. "हा तुमच्या कामाचा नाही," असं सांगितलं. पहिला आठवडा फिक्स, दुसरा आठवडा ऑटो, मग दोन्ही घेऊन ऑफिसला या, असं ठरलं. मशिनात एक छोटं कार्ड असतं. किती तास झोपले, श्वास किती वेळा अडला, हवा किती गळली, हे सगळं त्यात साठतं. ते बघायचं आणि जे चांगलं चाललं ते घ्यायचं. इतकं सोपं काम.

निघताना कुसुमवहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "किती छान झोपले होते तुम्ही. लहान पोरासारखे." मी शरमलो. त्या मात्र चिडवत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

ठरल्याप्रमाणे शालिकभाऊ दोन पिशव्या घेऊन बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाजवळच्या आमच्या ऑफिसात आले. चेहरा उजळला होता. सकाळी डोकं दुखत नाही, म्हणाले. दुपारी बागेत गेले तरी डोळा लागत नाही. "साहेब, आता डाक्टरसाहेबांकडून कागद घेऊन द्या. केळी कापायला आली आहे. भाड्याचा डायव्हर ठेवला होता, तो क्लच जाळून पळून गेला."

मी कार्डं लॅपटॉपला लावली. फिक्सचा रिपोर्ट अगदी छान. श्वास अडणं जवळपास थांबलेलं. मग ऑटोचं कार्ड लावलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. श्वास अडतोच आहे. मशीन दाब वाढवत वाढवत वरच्या टोकाला जातंय, तरी अडतोच आहे. हवा धो-धो गळतेय. तास मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्याचा मी अर्थ लावला, शालिकभाऊंना हे मशीन जास्त आवडलं, म्हणून दुपारीही लावून झोपतात.

"दुपारी झोपता का भाऊ?"

"दुपारी? बागेत असतो मी."

मी ते मनावर घेतलं नाही. पेशंट दुपारची झोप कबूल करत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मग मी तो नाक झाकणारा मास्क बघितला. वापरलेला होता. नाकावर टेकणाऱ्या त्याच्या मऊ गादीवर डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा. आता सगळं जुळलं.

"भाऊ, हा मास्क तुमच्या कामाचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्या नाही लावला."

"ओरखडा आहे यावर. मिशीवर लावून बघितलात, म्हणून लीक आलं."

"नाही लावला साहेब."

"मशीन खोटं बोलत नाही भाऊ."

"मंग म्या बोलतो का?"

मी मशीन उलटंपालटं करून बघायला लागलो. उत्तर नसलं की आम्ही वस्तू उलटून बघतो. मशिनाच्या बाजूला एक मरून गोल स्टिकर दिसला. त्याच्या खाली दुसरा. फिक्सवर असं काही नव्हतं. मी समजलो, क्यूसीत, म्हणजे तपासणीत, पास झालेल्या मालाला कंपनीने नवीन खूण लावायला सुरुवात केली आहे.

शालिकभाऊंना चहा सांगितला आणि बाहेर येऊन इंदूरला आमच्या मॅनेजरना फोन लावला. ते फोनवर नेहमी घाईत असतात, ऑफिसात नेहमी निवांत.

"सर, ऑटो पे पेशंट फेल हो रहा है. फिक्स पे अच्छा है."

"उल्टा कैसे? ऑटो तो महँगा है."

"वही तो."

"बायपॅप टिका दो."

बायपॅप हे त्यावरचं मशीन. श्वास घेताना एक दाब, सोडताना दुसरा. किंमतही दोन मशिनांची वाटावी अशी.

"सर, पर फिक्स पे तो ठीक है..."

"दोनों में से एक पे फेल है ना? डॉक्टर को बोलो पेशंट कॉम्प्लेक्स है. और मशीन देख लो, डिफेक्ट तो नहीं?"

"नहीं सर, क्यूसी का स्टिकर लगा है. मरून वाला. दो-दो लगे हैं."

मग ते म्हणाले, "हाँ, वो नया चालू किया है फॅक्टरीवालों ने."

मला फार बरं वाटलं. आपला अंदाज मॅनेजरनी पक्का केला की नोकरीत आत्मविश्वास येतो.

डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एकाच माणसाचे आहेत हे?"

"हो सर."

"याच्यात एक तर मशीन चुकतंय, नाहीतर मास्क, नाहीतर तुम्ही."

"मशीन पास झालेलं आहे सर."

"मग दोनच उरले." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "कोण चुकतंय ते शोधून या. तोवर मी यांना गाडी चालवायची परवानगी देणार नाही. उद्या हे घाटात झोपले तर सही माझी असेल."

शालिकभाऊ जिन्यात थांबले. इतका धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक झाला होता. "साहेब, मले बरं वाटून राहिलं, आणि कागद म्हणून राहिला बरा नाही. आता म्या कोणाचं ऐकू?"

"बघतो," मी म्हणालो. हे म्हणायचं म्हणून म्हणालो. शालिकभाऊ फिक्सची पिशवी उचलून बसस्टँडकडे गेले. त्याच्यावर झोप चांगली होते, ते तरी राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑटो माझ्याकडे राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. आमच्या बेसिनच्या आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या असतात. माझी बायको मंगल झोपण्याआधी किंवा तोंड धुताना टिकली काढते आणि हाताला जे येईल त्यावर लावते. आरसा, फ्रिजचं दार, पलंगाची कड, एकदा माझ्या मोबाइलचं कव्हर. लग्न झाल्यापासून मी या टिकल्यांच्या रांगेत तोंड घालून दाढी करतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या. मरून, गोल, मखमली.

गालाला साबण तसाच ठेवून मी बॅग उघडली. ऑटो बाहेर काढलं. त्यावरची क्यूसीची खूण नखाने उचलली. आरशावरच्या टिकलीशेजारी चिकटवली. फॅक्टरी एकच होती.

मंगल मागून म्हणाली, "अहो, कोणाची टिकली ती?"

अर्धी दाढी झालेल्या माणसाने या प्रश्नाचं उत्तर देताना फार जपून द्यावं लागतं. मी सगळं सांगितलं, तरी नाश्ता जरा उशिराच मिळाला.

मग मी ऑटोच्या कार्डातल्या तारखा बघितल्या. खरं तर त्या आधीच बघायच्या असतात. मी सरासरी बघितली होती, कारण सरासरी एका ओळीत येते. ज्या आठवड्यात शालिकभाऊ फिक्स लावून ओसरीत झोपत होते, त्याच आठवड्यात, त्याच रात्री ऑटोही चालू होतं. आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री एक माणूस होता, दुपारी दुसरा. रात्रीचा श्वास शांत, दुपारचा अडखळणारा.

मी पहिली बस पकडून त्या गावाला गेलो. शालिकभाऊ बागेत होते. ओसरीत माय वाती वळत बसली होती. कुसुमवहिनी आत. मी मशीन खाटेवर ठेवलं, तिथेच, जिथे मी झोपलो होतो.

"माय, हे मशीन कोण लावत होतं?"

मायने वात पुरी वळली. ताटलीत ठेवली. "आता विचारलं का?"

"म्हणजे?"

"तुम्ही शालिकले विचारलं, डाक्टरनं शालिकले विचारलं. मले कोणी विचारलं?" मग आतल्या बाजूला तोंड करून तिने हाक मारली, "ये वं कुसुम. आले तुझे क्यूसीवाले." शालिकभाऊंनी माझा फोन चहा पिता पिता ऐकला होता आणि घरी येऊन शब्दन्शब्द सांगितला होता. आपल्या बायकोच्या टिकल्या त्यांनीही ओळखल्या नव्हत्या. एवढंच काय ते माझं समाधान.

कुसुमवहिनी दारात आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. "मशीन खराब झाली का साहेब? आम्ही भरून देऊ. ह्यांले नका सांगू."

"मशिनाला काही झालं नाही वहिनी. तुम्ही लावलं का?"

"तुम्ही त्या दिवशी झोपले होते ना," त्या हळू म्हणाल्या, "मी बघतच राहिली. मले तशी झोप लागून किती वर्षं झाली. रात्रभर झोपते मी, सगळे म्हणतात हिच्यासारखी झोप कोणाची नाही. पण सकाळी उठते तर वाटते, आताच शेतातून आली. मनात आलं, एकदा लावून तर पाहू."

"मीच म्हटलं, लाव," माय म्हणाली. "उगाच पडून होती मशीन."

"माय, पण डॉक्टरांना न विचारता..."

"तुम्ही ऐका." मायने वातींची ताटली बाजूला सरकवली. "ही आतल्या खोलीत माझ्याजवळ झोपते. घोरते, घोरते, आणि एकदम बंद. आवाजच नाही. म्या हात लावून पाहते. मग हलवते. मग घेते श्वास. किती वर्षांपासून हलवून राहिली मी हिले. माझी झोप तर गेलीच, ते जाऊ द्या. पण आता मी किती दिवस राहीन? मी गेल्यावर हिले रात्री कोण हलवणार?"

मी मास्क उलटून बघितला. ऑटोवर श्वास का अडत होता, लीक का येत होतं, तेही आता समजत होतं. मास्क मोठ्या नाकाचा, चेहरा लहान, आणि डाव्या बाजूला चमकी. ओरखडा मिशीचा नव्हताच.

"आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगू?" वहिनी म्हणाल्या. "बाईमाणूस घोरते, हे कोण सांगते बाहेर?"

"आळशी म्हणलेलं चालते," माय म्हणाली. "मी पण म्हटलं आहे. दिवसा आळशी म्हणायचं आणि रात्री हलवायचं."

तेवढ्यात शालिकभाऊ बागेतून आले. त्यांना सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकलं, बायकोच्या मनगटावरच्या चिंधीकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवत राहिले. न्यूट्रलची गोष्ट त्यांना आठवली असावी. मला तर आठवलीच. शेवटी म्हणाले, "म्हणजे म्या कपाशीत एकदाच गेलो. ही रोज चुलीजवळ जाते."

मग एकदम, "चल. कपडे बदल. दवाखान्यात चल."

"भाकरी..."

"भाकरी राहू दे."

डॉक्टरांनी वहिनींच्या हातात एक छोटं उपकरण दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. एक रात्र घरीच लावून झोपायचं. रिपोर्ट आला तो नवऱ्यापेक्षा वाईट होता. वहिनी रक्तदाबाच्या गोळ्या खात होत्या, तरी तो का उतरत नव्हता, तेही डॉक्टरांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पेशंट कोण होतं, आणि मशीन तुम्ही कोणाला बघून विकत होता?"

"सर, दोघांनाही."

"आता म्हणताय, ते मात्र खरं आहे."

शालिकभाऊंचा रिपोर्ट मी नव्याने काढला, फक्त त्यांच्या रात्रींचा. दोन्ही मशिनांवर ते ठीक होते. फिक्स पुरेसं होतं. परवानगीचा कागद मिळाला. वहिनींना ऑटो, लहान आकाराच्या मास्कसह. चमकी झोपताना काढून ठेवा, असं मी सुचवणार होतो, पण मिशीचा प्रसंग आठवला. मग कडेला मऊ कापडाची किनार असलेला मास्क शोधला. चमकी राहिली, लीक थांबलं. पहिले काही दिवस वहिनींनी मास्क झोपेत काढून फेकला, मग सवय झाली. इंदूरला कळवलं, बायपॅप नको, दोन सीपॅप जातील. मॅनेजर खूश झाले. म्हणाले, "देखा, मैंने बोला था केस कॉम्प्लेक्स है."

लोक मला विचारतात, कोणतं मशीन चांगलं? कंपन्यांची माहितीपत्रकं सारखी दिसतात. आवाज, वजन, पाण्याची टाकी, प्रवासाची पिशवी. मी आता आधी उलट विचारतो, घरात झोपणारे कोण कोण आहेत आणि कोण कोणाला रात्री हलवतं? मशिनांची तुलना त्यानंतर. आणि दुसऱ्याचं मशीन, दुसऱ्याचा मास्क, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. प्रत्येक घरात माय नसते.

केळीचा पहिला ट्रक निघाला त्याआधी शालिकभाऊ दराब्याचा, आमच्या बुऱ्हाणपुरी मिठाईचा, डबा घेऊन माझ्या घरी आले. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. केबिनमध्ये सीटच्या मागे मशीन दोरीने बांधलं होतं, वाटेत ढाब्यावर थांबून झोपायचं म्हणून. "घरी माय आता रात्री उठत नाही," ते म्हणाले. "पण तिले झोप लागत नाही. म्हणते, शांतता झाली की भीती वाटते. मी म्हटलं, सवय होईल."

ते गेल्यावर मी आणि मंगल जेवायला बसलो. मी तिला सगळं पुन्हा नीट सांगितलं, या वेळी माझ्या हुशारीचे भाग जरा वाढवून. बायकांना कोणी विचारतच नाही, हे मी तळमळीने बोललो. घरोघरी अशा कुसुमवहिनी आहेत, म्हणालो. बोलता बोलता मलाच गहिवरून आलं. मग वाटलं, दुसऱ्यांच्या बायकांना विचारत हिंडतो, आपल्या घरात कधी विचारलं का? मी घास खाली ठेवला आणि ऑफिसच्या आवाजात, पण मायेने विचारलं, "मंगल, खरं सांग. तू झोपेत घोरतेस का?"

तिने माझ्या ताटात दराबा वाढला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली,

"घोरायला आधी झोप लागावी लागते. ती या घरात फक्त तुम्हाला लागते."